लसीनंतरचा अर्धा तास

बाळाला लस टोचून झाली की आरोग्य केंद्रात अर्धा तास थांबावं लागे. तिथल्या नर्सताई त्या वेळात सतरंजी अंथरून आयांना बाळांशी खेळायला बसवत. बाकीच्या जणी आपापल्या बाळांशी लाडानं बोलत होत्या. मी मात्र खुळखुळा हलवत गप्प बसले होते.

"बोला की त्याच्याशी," ताई म्हणाल्या.

"त्याला कुठं काय कळतंय?"

"मग घरी दिवसभर कुणाशी बोलता?"

लग्न होऊन या परक्या गावात आले होते. नवरा सकाळी जायचा तो अंधार पडल्यावरच यायचा. मधल्या वेळात माझा आवाज मलाही ऐकू येत नसे. ऐकणारं कुणी नसलं की बोलण्याची सवय नकळत सुटते, हे ताईंनी विचारलं तेव्हा कळलं.

संध्याकाळी मेथी निवडताना मी बाळाला माहेरच्या विहिरीबद्दल सांगितलं, मग आईबद्दल. ते माझ्या ओठांकडे एकटक बघत राहिलं, आणि मला थांबवेना.

नवरा दारात चपला काढता काढता थबकला. पाहुण्यांसमोर बोलावं तसा आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "कोण आलंय गं?"