नावाडी काय म्हणाला

पुस्तकं वाचणारे मी ढिगानं पाहिले आहेत. पण एकानं पुस्तक उघडलं की आख्ख्या दौंडानं बाजूला सरून उभं राहावं, असा वाचणारा पृथ्वीच्या पाठीवर एकच होऊन गेला, आणि तो माझा साडू होता. नात्यानं थोरला, अंगानं त्याहून थोरला. मालगाडीवर गार्ड. साडूभाऊ शिट्टी फुंकत तेव्हा मनमाडकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या इंजिनातली वाफसुद्धा सावरून बसत असे. नोकरीच्या साऱ्या वर्षांत त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाखेरीज काहीही वाचलं नव्हतं. त्या ग्रंथाबद्दल त्यांचं मत विचारलं तर म्हणत, "पात्रं लई हायती. पण एक बी येळंवर येत न्हाई."

नोकरी संपता संपता त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. पुण्याच्या डॉक्टरनं दोन्ही डोळे नीट तपासले आणि सांगितलं, वर्षभर दिसेल, त्यापुढचं मी बोलत नाही. दुसरा एखादा हबकून देवदेव करत फिरला असता. साडूभाऊ घरी आले, पोटभर जेवले, पान लावलं आणि मला म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या शिरूरला वाचनालय हाय न्हवं? उद्यापास्नं गाडी चालू करा."

"कसली गाडी?"

"पुस्तकांची. डोळ्यास्नी जायाचंच हाय, तर रिकामं कशाला जाऊ द्यायाचं? भरून जाऊ द्या."

तेव्हापासून दर रविवारी मी न्हावऱ्यावरून एस.टी.नं पिशवी भरून पुस्तकं घेऊन दौंडला जाऊ लागलो. येताना तीच पिशवी रिकामी पुस्तकं घेऊन परत यायची. रिकामी अशासाठी म्हणतो की साडूभाऊंनी वाचलेल्या पुस्तकात मागं काही शिल्लक राहत असेल असं मला वाटत नाही. मी ती हातात घेऊन पाहिली आहेत, ती वजनाला हलकी लागत.

त्यांची वाचण्याची तऱ्हा मात्र रेल्वेची. रेल्वेत असा कायदा आहे की एका स्टेशनापासून दुसऱ्यापर्यंतच्या रुळावर एक गाडी असली की दुसरी सोडायची नाही, आणि सुटलेली गाडी उगाच मधे उभी करायची नाही. साडूभाऊंनी तो घरात जसाच्या तसा लागू केला. प्रकरण संपेल ते स्टेशन. प्रकरण सुरू झालं की खुर्चीच्या हाताला लाल बावटा लागे, आणि तो असेतो माजघरातून ओसरीवर कुणी पाऊल टाकायचं नाही. संपलं की हिरवा. मग अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, चहा घेऊन बाहेर येई. एकदा ऐन प्रकरणात ती आतून ओरडली, "आवं, दूध उतू चाललंय, मी हिकडं कणकेत हाय." साडूभाऊंनी पुस्तकातून मान वर न करता नुसता लाल बावटा आतल्या दिशेनं वळवला. खोटं वाटेल, पण दूध थांबलं. भांड्याच्या काठापर्यंत आलं होतं, तिथंच उभं राहिलं आणि प्रकरण संपल्यावर खाली बसलं. अक्का म्हणते की चुलीतली लाकडं विझली होती. म्हणू दे.

वाचताना ते हसले की यार्डातलं एखादं इंजिन चुकून त्यांना उत्तर द्यायचं. रडले की शेजारचे चाचा शिलाईचं मशीन थांबवून विचारायचे, "अक्का, आज कौन गुजर गया?" अक्का थंडपणे सांगायची, "कुणी न्हाई, राजाचा धाकटा ल्योक. पुस्तकातला." चाचा तरीही दहा मिनिटं मशीन बंद ठेवायचे.

वर्ष उतरणीला लागलं तशी खुर्ची ओसरीवरून अंगणात आली, आणि पुस्तक हातभर अंतरावरून नाकाशी आलं. त्याबद्दल साडूभाऊ बोलत नसत. फक्त एवढंच म्हणत, "पाव्हणं, येताना जाड टायपाची आणा."

आणि नेमक्या त्याच दिवसांत घात झाला. मालगाडी स्टेशनातून गेली की शेवटच्या डब्यामागं दिवा आहे का ते बघतात. दिवा दिसला तर गाडी पुरी आली, नाहीतर डबे मागं कुठंतरी तुटून राहिले. वाचनालयाच्या पुस्तकांची मागची पानं गळालेली असतात हे ठाऊक असल्यामुळं साडूभाऊ प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान आधी उघडून बघत. तिथं 'समाप्त' दिसलं तरच घेत. ही कादंबरीही त्यांनी तशीच पास केली होती. पण बांधणी करणाऱ्या कुणा महाभागानं भलत्याच पुस्तकाचं 'समाप्त' तिला चिकटवलेलं. दुसऱ्याच गाडीचा दिवा! गोष्ट अशी होती: सासरच्या जाचाला कंटाळून एक पोर माहेराला निघते, वाटेत नदीला पूर आलेला, सासरची माणसं मागावर. ती घाटावर येऊन नावाड्याच्या पाया पडते. पान संपतं ते असं: 'नावाडी तिच्याकडे पाहून म्हणाला,' आणि त्याच्यापुढं काही नाही.

मी रविवारी पोचलो तर साडूभाऊ अंगणात येरझाऱ्या घालत होते. "पाव्हणं, पोरगी तिकडं पाण्याच्या कडंला हुबी हाय," ते म्हणाले, "आन् मला कवा अंधार व्हईल त्याचा नेम न्हाई. त्यो काय म्हणाला एवढं बघून मिटू द्या डोळं."

महिनाभर दौंडात दुसरा विषय नव्हता. नाव सोडावी आणि नाव सोडू नये असे गावात दोन तट पडले. लोकोशेडमधले फिटर हातोडे खाली ठेवून वाद घालत, आणि बारामतीची छोटी गाडी त्या वादापायी कितीदा उशिरा सुटली असेल ते तिलाच ठाऊक. तशी ती वादाशिवायही उशिराच सुटायची. चाचा म्हणाले, "बोला होगा, बेटी घर जा. मर्द लोग यहीच बोलते." मिशनच्या दवाखान्यातली नर्सबाई म्हणाली, "तो म्हणाला असेल, रात्रीपुरती माझ्या घरी चल, बायको आहे माझी." साडूभाऊ प्रत्येकाचं ऐकून घेत आणि मान हलवत, "न्हाई. पुस्तकात आसं नसंल."

मी शिरूर पालथं घातलं. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात भेळवाल्यांचे कागदसुद्धा चाळून पाहिले. शेवटी पुण्यात रद्दीच्या ढिगाऱ्यात अख्खी प्रत हाती लागली, आणि दौंडच्या गाडीत बसल्या बसल्या मी शेवट उघडला. नावाडी म्हणाला होता, 'आज नाव बंद आहे, उद्या ये.' पुढं पोरीचं काय झालं ते लेखकानं सांगितलंच नव्हतं. त्याऐवजी समाजाच्या अधोगतीवर मोठं व्याख्यान झोडलं होतं आणि खाली 'समाप्त' घातलं होतं.

पोचलो तेव्हा खुर्ची भर उन्हात होती. साडूभाऊंनी प्रत हातात घेतली, नाकाशी नेली, तिरकी केली, सरळ केली. मग हळूच मांडीवर ठेवली. "गेल्या ऐतवारी जाड अक्षर दिसत व्हतं," ते म्हणाले.

मी म्हणालो, "मी वाचतो. तुम्ही ऐका."

"थांबा. लई दीस डोसक्यात घोळतंय. आधी मी सांगतो, मग तुमी पुस्तकाशी ताडून बघा." चाचा मशीन सोडून आले, अक्का पदराला हात पुसत उंबऱ्यात बसली. साडूभाऊ सांगू लागले. "नावाडी म्हणाला, बस पोरी. वल्हं मारणारा उलट्या तोंडानं बसतो, म्हंजी मागचा काठ मला दिसतो. मागं कोण येतंय ते मी बघतो. तू फकस्त माहेराकडं बघ. आन् नाव सुटली. काठावर माणसं आली, वरडली. पोरगी वळाय लागली की नावाडी म्हणायचा, मागं काय बी न्हाई, पोरी. झाडं हायती नुसती."

सारी हयात गाडीच्या शेपटाशी बसून मागं पडणारे रूळ बघितलेला माणूस बोलत होता. नाव पलीकडे लागली तेव्हा चाचांनी डोळे पुसले. मी पुस्तक उघडं धरून बसलो होतो.

"जुळलं का, पाव्हणं?" साडूभाऊंनी विचारलं.

मी छापलेल्या पानाकडं एकदा पाहिलं. "अक्षरन् अक्षर," मी म्हणालो.

ते खुर्चीत मागं रेलले. "मग लिहिणारा हुशार हाय म्हणायचा."

अक्कानं चहा आणला. माझ्या कपात तिनं साखर जरा जास्तच घातली होती.

साडूभाऊंना जाऊनही आता बराच काळ लोटला. त्यानंतर मी पुष्कळ वाचलं, नामांकित लोकांचं वाचलं. त्यांचे शेवट चांगले असतात, तक्रार करण्याजोगं काही नसतं. तरीही शेवटचं पान झालं की पुस्तक मिटवत नाही. तसंच मांडीवर घेऊन बसतो. वाटतं, दौंडला जावं, साडूभाऊंसमोर बसून हे सगळं वाचून दाखवावं, आणि विचारावं, याला नीट जमलंय का म्हणून.