पुन्हा एकपासून

मीटिंगच्या आधी वैशालीताई जिन्यात सापडायच्या. लिफ्ट असल्यामुळे खराडीतल्या आमच्या ऑफिसचा जिना सहसा कोणी वापरत नसे. तिथे भिंतीला पाठ टेकून, एक हात पोटावर ठेवून, डोळे मिटून त्या उभ्या असत. मी नवीन होते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, बाईंना चक्कर येतेय. पाणी घेऊन धावत आले, तर डोळे न उघडताच म्हणाल्या, "ठेव तिथं. थोडी थांब, बकरी परत येऊन राहिली."

बकरी म्हणजे त्यांचं मन. "हिंडनच ते," त्या नंतर म्हणाल्या. "तिले मारून काय फायदा? खुंटा पक्का पायजे, बस." खुंटा म्हणजे श्वास.

वैशाली ढोके यवतमाळकडच्या. लग्न होऊन विश्रांतवाडीत आलेल्या, आमच्या टीममध्ये सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करायच्या. मीटिंगमध्ये जपून पुणेरी मराठी बोलत, आणि जिन्यात आल्या की जीभ सैल सोडत. प्रोग्राम नेमका कुठे फुटणार, हे त्यांना आमच्या आधी दिसे. पण त्याच बाई स्कूटरला किल्ली तशीच ठेवून वर येत, अर्धवट लिहिलेली ईमेल पाठवून देत, आणि समोरचा बोलत असताना खिडकीबाहेरच्या क्रेनकडे बघत राहत. आमच्यातल्या एकाने त्यांना विचारलं होतं, "ताई, आपण स्वतः आला आहात, की नुसतं शरीर पाठवलंय?" सगळे हसले. ताईही हसल्या आणि जिन्याकडे गेल्या.

त्यांना एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही अशी मेंदूची जन्मजात ठेवण आहे, हे चाळिशीच्या उंबरठ्यावर एका मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं. "त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली मी," त्यांनी मला सांगितलं. "आमचे बाबा मास्तर. धांदरट म्हणून वर्गात छडी, घरी आल्यावर पुन्हा बोलणी. डोक्याची ठेवणच तशी होती, हे कोणाले ठाऊक होतं?" डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि श्वासाचा अभ्यास शिकवला. दोन्ही मिळून त्यांची घडी बसत गेली.

मला लोकांसमोर बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. ताईंनी मलाही जिन्यात उभं केलं. नाकाने सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर, आणि मनात मोजायचं. माझं मोजणं सारखं चुकायचं. मी चिडले की म्हणायच्या, "चुकलं तर पुन्हा एकपासून. इथं चुकलं म्हणून कोणी मारत नाही."

पुढे घरी त्यांच्या गोळ्या सापडल्या. यजमान, हेमंतराव, वाईट गृहस्थ नव्हते. पण चार लोकांत कळलं तर काय, याची त्यांना धास्ती. "ध्यानाने जमतंय ना तुला? मग डोक्याच्या गोळ्या कशाला?" सासूबाईंनी मान डोलावली. ताईंनाही ते कुठेतरी पटलं असावं. डॉक्टरांना न विचारता त्यांनी गोळ्या बंद केल्या.

मग जिन्यातलं उभं राहणं वाढत गेलं. मीटिंग सुरू होऊन जाई, तरी त्या आत येत नसत. शेवटी एका मोठ्या ग्राहकाच्या कामातली चूक त्यांच्या नजरेतून सुटली. मॅनेजरने त्यांना बोलावलं. मी त्याच खोलीत बसले होते. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही तर मेडिटेशन करता ना?" आणि राजीनाम्याबद्दल बोलू लागला.

ताईंनी राजीनामा दिला. त्यानंतर मी विश्रांतवाडीला त्यांच्या घरी गेले, तेव्हा ताई जमिनीवर ताठ बसल्या होत्या. जबडा आवळलेला, कपाळावर घाम. "सकाळपासून बसून राहिली," त्या म्हणाल्या. "जमत नाही. दुसऱ्याले जमते, मलेच जमत नाही. श्वास घेणंही धड येत नाही मले." वर्गात छडी खाणारी मुलगी इतक्या वर्षांनी माझ्यासमोर बसली होती. फक्त आता छडी तिच्याच हातात होती.

मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते रागावले नाहीत. "श्वासाने मदत होते. पण तुम्हाला औषधही लागतं, आणि त्यात कमीपणा नाही," एवढंच म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. हेमंतरावांनी काही दिवस बोलणं टाकलं. ताईंनी ते सोसलं. काही महिन्यांनी खडकीत एका लहान कंपनीत काम मिळालं. एका दुपारी फोन आला. "अगं, आज अख्खा रिपोर्ट वाचला मी. मधात उठली नाही." आवाज इतका हळू, जणू कोणी ऐकलं तर ते सुख काढून घेईल.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, कामावरून परतताना आळंदी रस्त्यावर त्यांच्या स्कूटरला ट्रकने उडवलं. त्या जागीच गेल्या.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हेमंतराव सांगत होते, "लक्ष नसायचं हो तिचं. किती वेळा सांगितलं." लोक माना हलवत होते. अपघात झाला त्या चौकात मी जाऊन आले होते. तिथल्या फळवाल्याने सगळं पाहिलं होतं, पोलिसांनाही सांगितलं होतं. बाई सिग्नलला उभ्या होत्या. ट्रक उलट्या बाजूने आला. मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. हेमंतराव जमिनीकडे बघत "असेल" म्हणाले. कोणीतरी चहाचं विचारलं.

कोपऱ्यात यवतमाळहून आलेल्या ताईंच्या आई बसल्या होत्या. मी निघताना त्यांनी माझं मनगट धरलं.

"लहानपणापासून अशीच होती," त्या म्हणाल्या. "तिचं ध्यान नसन ना वं?"

"होतं, आई. लाल दिवा बघून थांबल्या होत्या त्या. पाय जमिनीला टेकलेला होता."

त्यांनी हात सोडला नाही.

"मंग उगीच बोललो आमी तिले," त्या म्हणाल्या, "जलमभर."