तिसरा हात

संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी, बाहेर लख्ख ऊन असताना, जगताप अण्णा कंपनीच्या बसमध्ये उभे राहत आणि गंभीर चेहऱ्याने म्हणत, “रात्र झाली. डोळे मिटा.” मागच्या तीन रांगांमधली आठ मोठी माणसं, त्यांत दोघं तर आजोबा झालेले, निमूटपणे डोळे मिटत. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी हे पाहिलं तेव्हा वाटलं, ही सामुदायिक प्रार्थना असावी, म्हणून मीही हात जोडले. अण्णा जवळ येऊन हळूच म्हणाले, “देव नाही तंगी, चोर शोधतोय आम्ही. येतेस का?”

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. अण्णांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी फौजेबरोबर बंगळूरला आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी बोलत, पण दर वाक्यात एखादा ‘स्वल्प’, म्हणजे थोडं, नाहीतर ‘सरी’, म्हणजे बरं, आल्याशिवाय त्यांचं बोलणं पुरं होत नसे. मी निपाणीची, मला दोन्ही भाषा येत. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. व्हाइटफील्डच्या पलीकडे आमचा कारखाना होता, ट्रकच्या ब्रेकचे सुटे भाग बनवणारा. तिथल्या तपासणी विभागात मी टायपिस्ट म्हणून लागले होते, तेही प्रोबेशनवर. वडील गेलेले, धाकटा भाऊ शिकत होता आणि घरात मिळवणारी मी एकटीच.

अण्णा त्याच विभागात वरिष्ठ तपासनीस होते. पूर्वी सहा महिने ट्रेनिंगसाठी त्यांना रशियाला पाठवलं होतं. इतर लोक तिकडून कॅमेरे आणि लोकरी टोप्या घेऊन आले, अण्णा एक खेळ घेऊन आले. हॉस्टेलमधल्या मुलांकडून शिकलेला. त्याला ते ‘गाव-चोर’ म्हणत. तपकिरीच्या रिकाम्या डबीत नऊ चिठ्ठ्या, त्यांतल्या दोहोंवर चोर लिहिलेलं, बाकी सातांवर गाव. ‘रात्री’ सगळ्यांनी डोळे मिटायचे. मग फक्त चोरांनी उघडायचे, एकमेकांना ओळखायचं आणि खुणेने एक बळी निवडायचा. ‘सकाळी’ सगळ्यांनी मिळून वाद घालायचा, हात वर करून कुणा एकाला गावाबाहेर काढायचं. काढलेला चोर निघाला तर ठीक, नाहीतर गावातलं आणखी एक निष्पाप माणूस गेलं. बस जयनगरला पोहोचेपर्यंत दोन डाव सहज होत.

अण्णा स्वतः कधी खेळत नसत. ते सूत्रधार. कोणाकडे कोणती चिठ्ठी आहे हे त्या एकट्या माणसाला ठाऊक असे, आणि गाव कितीही मूर्खपणा करत असलं तरी त्यांच्या भुवईचा केसही हलत नसे. डाव संपला की मात्र ते शिकवत. “गाव हरतं ते चोर हुशार म्हणून नाही,” ते म्हणत. “चोर दोघंच, पण त्यांना एकमेकांची खात्री असते. गावाला शेजारच्याची नसते. बस, तेवढ्यानंच हरतं.” आणि त्यांचं लाडकं वाक्य, “तोंडं नको बघूस, हात बघ. पहिला हात रागाचा असतो, दुसरा भीतीचा. तिसरा बघ. चोर तिसऱ्या नंबरला हात वर करतो. पहिला केला तर डोळ्यांत येतो, शेवटचा केला तर लोक विचारतात उशीर का. तिसऱ्या हाताची आठवण कुणाला राहत नाही.”

मी लवकर तयार झाले. एकदा माझ्याकडे आणि नागराजकडे चोराच्या चिठ्ठ्या आल्या. नागराज आमच्याच विभागातला, आवाजाने मोठा आणि रागाने त्याहून मोठा. गावाचा संशय त्याच्यावर जाऊ लागला तसा मीही त्याच्याविरुद्ध हात वर केला. आपल्याच जोडीदाराला बाहेर काढलं म्हणून गावाने माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला आणि मी एकटीने डाव जिंकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उतरताना अण्णा म्हणाले, “चांगली खेळलीस. स्वल्प जास्तच चांगली.” मला ते कौतुक वाटलं. इतकी मी तेव्हा शहाणी होते.

तपासणीत नापास झालेल्या मालावर अण्णा लाल रंगाचा ठिपका देत आणि नोंदवहीत बॅचचा नंबर लिहीत. एका शनिवारी अण्णा रजेवर होते, म्हैसूरला कुणाचं तरी लग्न होतं. टायपिंगच्या खोलीला एक खिडकी होती, मागच्या अंगणात उघडणारी. त्या खिडकीतून मी पाहिलं, आमचे मॅनेजरसाहेब उभे आहेत आणि दोन माणसं रॉकेलच्या चिंध्यांनी लाल ठिपके पुसतायत. दुपारी तो माल ट्रकात चढला. ब्रेकचा माल होता तो. सोमवारी मी अण्णांना सांगितलं नाही, पण अण्णांच्या ते लक्षात आलंच. नापास मालाची खोकी रिकामी पाहून त्यांनी साहेबांना विचारलं, उत्तरात शिव्या खाल्ल्या आणि परत येऊन खुर्चीत बसले. “मी नोंदवहीत लिहिलंय,” ते कुणाकडेही न बघता म्हणाले. “माझं काम झालं.”

मला त्यांचा राग आला. इतका की त्याच आठवड्यात जयनगरच्या एका टायपिंग क्लासच्या मशीनवर मी तीन पानी पत्र लिहिलं, नोंदवहीतून उतरवलेले बॅचचे नंबर दिले, रॉकेलच्या चिंध्यांचं वर्णन केलं आणि खाली सही न करता मुख्य कार्यालयाला पाठवलं. आयुष्यात मी एवढं एकच धाडस केलं.

मुख्य कार्यालयाने ते पत्र चौकशीबिवकशी न करता थेट मॅनेजरसाहेबांकडे पाठवलं. साहेबांनी विभागातल्या आम्हां दहाही जणांना उभं करून ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, “चहाच्या सुट्टीपर्यंत मला एक नाव हवं. नाही मिळालं तर प्रोबेशनवरचे तिघं घरी, बाकीच्यांची बदली.” पत्र ऐकताना अण्णांनी एकदा, एकदाच, टायपिंगच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

आम्ही कँटीनमध्ये जमलो. दुसरीकडे कुठे लोक भांडले असते, युनियनकडे गेले असते, किंवा नुसते गप्प बसले असते. आम्हांला मात्र दीड वर्षाची सवय होती. नागराज म्हणाला, “हात वर करून ठरवू.” आणि आश्चर्य म्हणजे कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. तो अण्णांकडे वळला. “तुम्हीच सांगा, तुम्हांला सगळ्यांचे चेहरे कळतात.”

“सूत्रधाराला मत नसतं,” अण्णा म्हणाले.

“मग मी सांगतो. बॅचचे नंबर कोणाच्या वहीत असतात? तुमच्या.” आणि नागराजने हात वर केला. त्याने पास केलेला माल अण्णांनी चारदा नापास केलेला होता. सुब्बू म्हणून एक निवृत्तीला आलेले गृहस्थ होते, त्यांनी क्षणभराने मान खाली घालून हात वर केला. त्यांना बदली झेपणारी नव्हती.

ठिपके पुसले त्या शनिवारी अण्णा बंगळुरातच नव्हते. एवढं एक वाक्य बोलले असते तर ते सुटले असते. पण ते बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता की मग पाहिलं कोणी, आणि मागच्या अंगणात उघडणारी खिडकी एकच होती. अण्णांना हे कळलं होतं. मलाही कळलं होतं. ते वाक्य मीसुद्धा बोलू शकले असते. मी भावाच्या कॉलेजचा विचार केला, आईचा केला, आणि हात वर केला. तिसरा.

अण्णांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. हाताकडे पाहिलं. “सरी,” ते म्हणाले. मग बाकीचे हात भराभर वर आले.

अण्णांना के. आर. पुरमच्या गोदामावर टाकलं. ज्या माणसाची बोटं केसाएवढा फरक ओळखत, तो गंजलेल्या पिंपांवर पहारा करायला लागला. तिथे आमची बस जात नसे. आठ महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. मला कायम केलं. बसमध्ये त्यानंतर कुणी ‘रात्र झाली’ म्हणालं नाही. मागच्या तीन रांगांतले लोक खिडकीबाहेर बघत बसू लागले, आणि मी पुढे बायकांमध्ये जाऊन बसले.

तीनेक वर्षांनी जयनगरच्या बाजारात, उभ्याने कॉफी प्यायच्या एका हॉटेलात ते दिसले. खूप वाळले होते. मी पळून जाणार होते, पण त्यांनीच हाक मारली, “तंगी, कॉफी घेतेस?” त्या हाकेने मी ढासळले. सगळं सांगून टाकलं. पत्र, खिडकी, हात.

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. “पत्र ऐकलं तेव्हाच.”

“मग गप्प का राहिलात? माझ्यासाठी?”

“तुझ्यासाठी?” ते हसले, पण ते हसू बघवत नव्हतं. “मी वाट बघत होतो. आता तंगी उठेल, मग उठेल. त्या दिवशी नाही तर उद्या. आठ महिने गोदामात बसून वाट बघितली. पत्र लिहिलंस तेव्हा त्या कारखान्यात गावाचं माणूस तू एकटी होतीस. मीसुद्धा नव्हतो. मी वहीत लिहून हात झटकले. पण हात वर केलास ना, तेव्हा चोरांची झालीस.”

मी माफी मागितली. त्यांनी ती दिली नाही, आणि खोटं कशाला बोलू, तेव्हा मला त्यांचा रागच आला. मोठ्या माणसाने माफ करायला हवं असं मला वाटत होतं.

“माफीबिफी बिडी,” त्यांनी पेला खाली ठेवला. बिडी म्हणजे सोडून दे. “एक काम कर. साहेबाकडे जा म्हणत नाही. माझ्या घरी ये आणि अक्काला, माझ्या बायकोला, सांग. तिला वाटतं पत्र मीच लिहिलं. मी नाही म्हणतो तर तिला वाटतं, नोकरी घालवली आणि वर बायकोशी खोटं बोलतो. चाळीस वर्षांत मी तिच्याशी खोटं बोललो नाही, तंगी. नाव मी सांगणार नाही, ते तुझं आहे. तूच सांग.”

“येते,” मी म्हणाले. “याच रविवारी येते.”

गेले नाही. त्या रविवारी गेले नाही, पुढच्याही नाही. त्यांचं घर माझ्या खोलीपासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर होतं. मधला रस्ता टाळायची मला इतकी सवय झाली की भाजीसुद्धा मी लांबच्या दुकानातून आणायला लागले.

गेले ते दोन वर्षांनी, अण्णा वारल्याचं कळल्यावर. दुपारची वेळ होती. अक्का एकट्याच होत्या. फोटोला हार होता आणि खालच्या फळीवर ती तपकिरीची डबी. मी कोण ते सांगताच अक्कांनी मला ओळखलं, जवळ बसवलं, कॉफी केली. “कारखान्यातलं कोणी आलं नाही बघ,” त्या म्हणाल्या. “तू तेवढी आलीस. तुझं नाव घ्यायचे कधी कधी. तंगी येईल एक दिवस, म्हणायचे.”

मी पेला हातात धरून बसले. मनात वाक्य तयार होतं. घरून निघताना पाठ केलं होतं.

अक्कांनी पदराने डोळे पुसले आणि स्वतःच विचारलं, “तू तर तिथंच होतीस. आता तरी खरं सांग. ते पत्र ह्यांनीच लिहिलेलं ना?”

मी फोटोकडे बघितलं नाही. “हो, अक्का,” मी म्हणाले. “फार धाडसाचं काम केलं त्यांनी.”

अक्कांनी फळीवरची डबी हातात घेतली. मग म्हणाल्या, “मग मला शेवटच्या दिवशीसुद्धा ‘मी नाही’ असं का म्हणाले?”

कॉफी चांगली झालीय एवढं म्हणाले, पेला खाली ठेवला आणि उठले.