पहिला घाव

गेल्या उन्हाळ्यात पिंपरी पेंढारच्या एका मळ्यात मला सांगण्यात आलं की झाड तोडण्याचा दोष मी माझ्या लेकीवर घ्यावा. सकाळची वेळ होती. माझ्या हातात कुऱ्हाड होती. झाडाला अजून एकही घाव बसला नव्हता.

झाड उंबराचं. घराच्या मागच्या खोलीवर झुकलेलं. वळवाच्या वाऱ्यात त्याची एक फांदी पत्र्यावर पडली होती. बुंध्याशी जमीन फाटली होती, भेगेत हात जात होता. त्या खोलीत मळ्याच्या मालकाची, शेठची, गरोदर सून झोपायची. झाड काढणं भाग होतं. करवतीचं मशीन घेऊन एकजण बेल्ह्याहून आला, उंबर पाहिला आणि मशीन गाडीवरून न उतरवता परत गेला. मग मला आणि माझ्या मेव्हण्याला निरोप आला. आम्ही ठाकर. आंबेगावच्या डोंगरातले. उंबर, पिंपळ तोडायचा असला की आम्हालाच बोलावतात.

रीत ठरलेली. नारळ फोडायचा. मालकानं पाठ फिरवून उभं राहायचं. तोडणाऱ्यानं मोठ्यानं म्हणायचं, "झाड मी तोडतो. दोस माजा. धन्याचं घर सुखात राहू दे." मग पहिला घाव. माझा बाप हे म्हणायचा. मीही म्हणत आलो.

त्या सकाळीही म्हणालो. कुऱ्हाड उचलली. शेठच्या बायकोनं थांबवलं.

"तेवढ्यानं भागायचं न्हाई. आमच्या घरात पोटुशी हाये. तुझ्या घरात ल्हान कोण?"

"लेक हाये."

"मग तिचं नाव घे. दोस तिच्यावर म्हण."

शेठ पाठ फिरवून उभे होते. तसेच राहिले. "म्हण रं. दोन शब्द तर हायेत. तुझं काय जातंय?"

मेव्हणा हळूच म्हणाला, "म्हणा दाजी, अन् मोकळं व्हा. झाड काय कान दिऊन बसलंय?"

सून खोलीच्या दारात आली होती. सासू तिला म्हणाली, "तू आत जा. तुझ्या कानावर पडाया नको." दार लागलं. आतून कडी लागली.

ती कडी ऐकली आणि मला कळलं. तोवर मला वाटत होतं, ही नुसती रीत आहे, बोलायची म्हणून बोलायची. तसं नव्हतं. त्यांचा त्यावर विश्वास होता. माझ्या लेकीला खरंच काही होईल असं त्यांना वाटत होतं. म्हणूनच ते तिचं नाव मागत होते.

माझा बाप आणे गावाच्या पठारावर मेला. असाच उंबर तोडताना, त्याच्याखाली सापडून. झाड ओढून धरायला त्यानं दोर आणि ट्रॅक्टर मागितला होता. मिळाला नाही. शब्द मात्र त्याच्याकडून म्हणवून घेतले. नंतर तिथला मालक आमच्या दारात येऊन म्हणाला, "झाडानं आपलं घेतलं. आमच्यावरचं गेलं." आईनं त्याला पाणी दिलं. मी शेजारी उभा होतो. ऐकलं होतं. समजलं नव्हतं.

मी कुऱ्हाड शेठच्या पायाशी ठेवली.

"नुसते शब्द असतील तर तुमी म्हणा. पहिला घाव घाला. पुढचं आमी बघतो."

शेठ वळले. कुऱ्हाडीकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरले.

"लई शाणा झाला का रं?"

"व्हय."

बाई म्हणाल्या, "डोंगरात राहून माज आलाय. उद्या कामाला येशील दारात, तवा बघू."

मी कुऱ्हाड उचलली. मेव्हणा मागून आला. रस्त्यावर त्यानं मला गाठलं. मग म्हणाला, "मला इचारलं असतं तर मी माज्या पोराचं नाव घेतलं असतं, दाजी." पुढे एसटी येईपर्यंत तो खाली बसून राहिला.

आता निरोप आला की मी आधी सांगतो. झाड तोडीन. दोर लागेल. शब्द म्हणणार नाही. दोष ज्याचा त्यानं घ्यावा आणि पहिला घाव त्यानं घालावा. ते ऐकल्यावर उंबरासाठी मला कुणी बोलावलेलं नाही. लेकीचं नाव मी इथंही लिहिलेलं नाही.

परवा शेठच्या मळ्यावरून गेलो. उंबर उभा आहे. फांद्या पत्र्याला टेकल्या आहेत. मागची खोली रिकामी केलेली आहे. दाराला बाहेरून कुलूप आहे.