दोरीच्या अलीकडे

"हुकूम न्हाई," असं म्हणत फौजीआबा गेटचा दांडा धरून उभे राहायचे. समोरच्या टपरीवर चहाला चला म्हटलं तरी तेच उत्तर. शिरूरजवळच्या आमच्या कारखान्यात मी स्टोअरला होतो, ते गेटवर. गाडी आली की असा सॅल्यूट ठोकायचे, की नवे साहेब आतल्या आत सावरून बसायचे. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

आबा फौजेत होते खरे, पण स्वयंपाकी म्हणून. काही वर्षं त्यांची पलटण दिल्लीला होती. तिथल्या इंग्रजांच्या काळातल्या परेड ग्राउंडवर संचलन चालायचं, तेव्हा आबा भिंतीमागच्या तंबूत पुऱ्या तळत असायचे.

"बँड ऐकला, बुटं ऐकली," ते सांगायचे. "पर ग्राउंड डोळ्यानं न्हाई बघितलं. कढई सोडून कसं जाणार?"

फौजेतून निवृत्त होऊन घरी आले आणि त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, अर्धांगवायू झाला. दिवसा शेजारीण लक्ष ठेवायची, पण कुशीवर वळवायला, भरवायला आबाच लागत. जेवणाच्या सुट्टीतही सायकल मारत घरी जाऊन यायचे. नऊ वर्षांत ते साधे दौंडलाही गेले नव्हते. तक्रार कधी केली नाही. फक्त नगरकडची एसटी समोरून गेली, की ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचे.

माझ्या मुलीची परीक्षा दिल्लीत होती. मी आबांचंही तिकीट काढलं. ते नको नको म्हणत होते. शेवटी काकूंनीच पाबळच्या बहिणीला बोलावून घेतलं आणि तुटक शब्दांत आबांना सांगितलं, की जावा, बघा, आन् मला येऊन सांगा.

दौंडला गाडीत बसल्यापासून आबा दर दोन तासांनी घरी फोन लावत होते. गोळी दिली का, पाठ पुसली का.

मुलगी परीक्षेला बसली आणि आम्ही दोघं ग्राउंडवर गेलो. माजी सैनिकाचं कार्ड बघून आत सोडलं. समोर अफाट मोकळं मैदान आणि त्याच्या अलीकडे एक दोरी. पहाऱ्यावरच्या जवानानं आबांची हकीकत ऐकली, आजूबाजूला बघितलं आणि दोरी वर उचलून धरली. म्हणाला, जाइए चाचा, एक चक्कर मार लीजिए.

आबा टाचा जुळवून उभे राहिले. हलेनात. मी पाठीवर हात ठेवला, तर शर्ट घामानं भिजलेला.

"जा की, आबा."

"नगं," ते हळू आवाजात म्हणाले. "एकदा मोकळं चालायची गोडी लागली, तर घराकडं पाय वळायचा न्हाई माझा."

जवानानं दोरी सोडली.

मग आबांनी बाजूला जाऊन काकूंना फोन लावला. या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो, सलामीच्या चौथऱ्यासमोर मान वळवली, असं सगळं सांगत होते. फोनमधून काकूंचं हसणं मलाही ऐकू आलं.

पुढच्या वर्षी काकू गेल्या. दिवसकार्य उरकल्यावर मी आबांना भेटायला गेलो. रिकाम्या खाटेवरची चादर ते सरळ करत होते. मी म्हणालो, पुन्हा दिल्लीला जाऊ, आता दोरी ओलांडायला काय हरकत आहे.

"आन् सांगू कुणाला?" आबा म्हणाले.

दार सताड उघडं होतं. ते काही बाहेर आले नाहीत. मीच आत जाऊन त्यांच्याजवळ बसलो.