सातव्या सामन्यावर लावलेली सही

बास्केटबॉलच्या प्लेऑफवरून भांडणारी माणसं मालवणात तीनच, आणि त्यातली एक मी. बाकी गाव क्रिकेटमध्ये सुखी आहे. अमेरिकेत रात्री मॅच असते तेव्हा आमच्याकडे सकाळचे सहा वाजलेले असतात. त्यामुळे त्या दीड-दोन महिन्यांत मी घरचा चहासुद्धा न घेता बाहेर पडते आणि बाजारपेठेतल्या एका दुकानाच्या अर्ध्या उघड्या शटरखालून वाकून आत शिरते. नऊला मला पोस्टात कामावर हजर व्हायचं असतं.

दुकान काकांचं. नात्याने ते माझे कोणी नव्हेत, पण अख्खी बाजारपेठ त्यांना काकाच म्हणते. सुरुवात रेडिओ दुरुस्तीने केली, आता मिक्सर आणि पंखे येतात. पाटी मात्र रेडिओचीच आहे. दुरुस्त होऊनही मालक न्यायला न आलेला एक मोठा टीव्ही त्यांच्याकडे पडून आहे. त्याला मोबाइल जोडून आम्ही मॅच बघतो.

तिसरे सर. माझ्या शाळेत ते पीटी शिकवायचे, आणि त्यांच्याच ओरड्याखाली मी जिल्ह्याच्या संघातून खेळले. आज शहात्तर वर्षांचे आहेत, काकांहून नऊ वर्षांनी मोठे, आणि आवाज अजून मैदानावरचाच. सरांना बचाव करणारे, शिस्तीतले संघ आवडतात. काकांना बघता बघता पाच हातांतून चेंडू फिरवणारे. लांबून तीन-तीन गुणांचे बॉल टाकून खेळाचं वाटोळं झालं की खेळ मोकळा झाला, यावर या दोघांनी माझ्या किती सकाळी खाल्ल्या असतील त्याचा हिशोब नाही. मी मधे पडले की दोघं मिळून मला गप्प करतात, आणि मला ते अजिबात खपत नाही.

मॅच संपली की टीव्ही बंद आणि रेकॉर्ड सुरू. काकांकडे जॅझच्या चाळीसेक रेकॉर्ड आहेत. बोटीवर नोकऱ्या केलेल्या गोव्याच्या मंडळींकडून त्यांनी त्या एकेक करून मिळवल्या. आमच्या दमट हवेत त्यांना बुरशी धरते, म्हणून काका त्या मऊ फडक्याने पुसत बसतात आणि पुसता पुसता भांडतात. अमुक वादकाने तो तुकडा तिथल्या तिथे सुचून वाजवला की आधी कागदावर लिहून घेतला होता, असल्या गोष्टींवर.

पण एका रेकॉर्डवरचं भांडण मला नको वाटायचं. ती मुंबईत निघालेली एका नाचाच्या ऑर्केस्ट्राची रेकॉर्ड होती. वर फक्त ऑर्केस्ट्राचं नाव, वादकांची नावं नाहीत. मधे अर्धा मिनिटभर एकटं क्लॅरिनेट वाजतं. काकांचं म्हणणं, ते त्यांचे वडील. त्यांच्या घरात देवळातल्या सनईची परंपरा. वडील तरुणपणी मुंबईला गेले, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट शिकले, गोव्याच्या वादकांबरोबर हॉटेलांत वाजवू लागले आणि तिथेच आजारी पडून गेले. तेव्हा काका दीड वर्षाचे होते.

त्या वडिलांना प्रत्यक्ष ऐकलेला एकच माणूस गावात जिवंत होता, तो म्हणजे सर. सर दहा वर्षांचे असताना काकांचे वडील जत्रेला आले होते आणि देवळासमोर त्यांनी क्लॅरिनेट वाजवलं होतं. सर ते रंगवून सांगायचे: पांढरी पॅन्ट, मिटलेले डोळे, आणि समोरच्या रांगेत बसलेले सर. काका हातातलं काम खाली ठेवून ऐकायचे. आणि मग रेकॉर्ड लावली की सर मान हलवायचे.

"ह्यो तो न्हय. तेचो दम मोठो होतो."

"सर, दहा वर्साच्या पोराक दम काय कळतलो?"

"माका कळता. मी आयकलंय. तू आयकूक नाय."

काका रेकॉर्ड उतरवून पाकिटात घालायचे. दर वेळी तिथेच संपायचं.

यंदा मी एक शहाणपणा केला. पणजीच्या एक बाई जुन्या रेकॉर्डांवर पुस्तक करत आहेत, कुठल्या रेकॉर्डवर कोण वाजवतंय याची नावं जमवत आहेत, असं मला कळलं. मी काकांच्या वतीने त्यांना लिहिलं. उलट टपाली एक छापील कागद आला. वादकाचं नाव भरायचं, आणि त्याला स्वतः ऐकलेल्या माणसाने, वाजवणारा हाच, असं लिहून खाली सही करायची. पुस्तक छापायला जायला पंधरा दिवस उरले होते. काकांच्या वडिलांचं नाव आजवर मतदार यादी सोडून कुठे छापलं गेलं नव्हतं. काकांनी कागद दोनदा वाचला.

सरांनी सही करायला नकार दिला. मी खोट्यावर सही करणार नाही, म्हणाले. काका पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले. चार दिवस तेच चाललं. टीव्हीवर अंतिम फेरी रंगत होती, सातपैकी तीन-तीन सामने दोन्ही संघांनी जिंकले होते, एक संघ सरांचा, एक काकांचा, आणि दोघं एकमेकांकडे न बघता पडद्याकडे बघत बसायचे. पाचव्या दिवशी माझं डोकं सटकलं.

"मगे सातव्या मॅचीवर ठरवा," मी म्हणाले. "काकांचो संघ जिंकलो तर सर सही करतले. सरांचो जिंकलो तर काका ह्या रेकॉर्डीचा परत नाव काढूचे नाय."

मी चेष्टेत बोलले होते. पण काका म्हणाले, "चलात." आणि सर म्हणाले, "माकाय चलात. पण मगे कौल तो कौल."

आमच्याकडे देवाला कौल लावतात. पाषाणाला फुलांचे कळे चिकटवायचे आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडचा पडला तर होय, डावीकडचा पडला तर नाही, आणि एकदा पडला की पुन्हा विचारायचं नसतं. या दोघांनी चेहरे तसेच केले होते. मी म्हटलं, अहो, ही अमेरिकेतली मॅच आहे, तिचा काकांच्या वडिलांशी काय संबंध. कोणी ऐकलं नाही. स्वतःच्या जिभेचा मला इतका राग पूर्वी कधी आला नव्हता.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं साडेपाचलाच दुकानात होतो. कागद काकांनी काउंटरवर ठेवला होता, वर वजनाला पंख्याचं बेअरिंग. पहिल्या तीन क्वार्टरमध्ये सरांचा संघ पुढे होता. सर एरवी प्रत्येक चुकीवर ओरडतात, त्या दिवशी मांडीवर हात ठेवून गप्प बसले होते. काका मधेच उठून सोल्डरिंग आयर्न सुरू करून आले आणि काही न करता बंद करून आले.

वीस सेकंद राहिले तेव्हा सरांचा संघ एका गुणाने पुढे होता आणि त्यांच्या खेळाडूला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही चुकले. चेंडू काकांच्या संघाकडे आला, पास, पास, आणि एकाने धावत जाऊन तो रिंगवर टाकला. भोंगा वाजला आणि चेंडू आत पडला. भोंग्याआधी हातातून सुटला की नंतर, ते बघायला पंच पडद्याजवळ गेले. तोच क्षण पुन्हा पुन्हा हळू करून दाखवत होते.  मी देवीला सरळ सांगितलं की काकांना जिंकू दे.

बास्केट धरलं गेलं. काका जिंकले, पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. त्यांनी बेअरिंग उचललं आणि कागद व पेन सरांसमोर सरकवलं. सरांनी पेन घेतलं. टोक कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं.

"एकदा लाव," सर म्हणाले.

काकांनी रेकॉर्ड लावली. क्लॅरिनेटचा तुकडा आला आणि गेला. सरांनी पेन खाली ठेवलं.

"माका येवचा नाय," ते म्हणाले.

"कौल तो कौल, तुमीच म्हणालास."

"तां न्हय रे." सर माझ्याकडे बघून बोलत होते, काकांकडे बघायची त्यांची हिंमत नव्हती. "त्या जत्रेक माका गोवर इललो. मी घराकच होतंय. आयकल्यान तां माझ्या थोरल्या भावान. तेना सांगलेला मी माझा म्हणान सांगत इलंय."

मला आधी अर्थच लागेना. पांढरी पॅन्ट, मिटलेले डोळे, समोरची रांग, हे सगळं मी शाळेत असल्यापासून ऐकत होते. तो थोरला भाऊ जाऊनही कितीतरी वर्षं झाली होती.

"मगे 'तो न्हय' म्हणान कित्याक सांगी होतास?" काकांनी विचारलं. आवाज अगदी खाली होता.

"पयल्या दिसा भांडताना तोंडात्सून गेला. मगे परत घेवक जमला नाय."

रेकॉर्ड संपून नुसती खरखरत होती. मी उठून सुई उचलली. मला सरांची कीव आली आणि त्यांना दोन शब्द सुनवावेसेही वाटले. त्यांच्या हाताखाली खोटं बोलून सुटलेली एकही मुलगी मला आठवत नाही.

"सर," काका म्हणाले, "तुमचो माका किती राग येय. तरी रोज सकाळी तुमची खुर्ची पुसून ठेवी होतंय. कित्याक, ठावक आसा?"

"आसा," सर म्हणाले. "तुझ्या बापाशीक आयकलेलो म्हणान."

ते उठले, शटरखालून वाकून बाहेर गेले. काकांनी त्यांना थांबवलं नाही. मग कागद पुढे ओढला, चष्मा लावला आणि वादकाच्या नावासमोर सावकाश लिहिलं: माहीत नाही. सहीची जागा मोकळी सोडली आणि कागद माझ्याकडे दिला.

"टाक गो पोस्टात."

"दोन दिवस थांबूया, काका," मी म्हणाले. "विचारूया चार जणांक. आयकलेलो दुसरो कोणतरी गावात."

"कोण गावतलो?" ते म्हणाले. "होतो तो एकच. तोय नव्हतो."

मी कागदाची घडी घातली. पाकिटावर पणजीचा पत्ता लिहिला.