पांढरी रोपं

“नंबराला हाक कशी मारू? नाव सांगा,” लावणीआधी मी भाताच्या वाणांचे नंबर वाचले की तिचं हे ठरलेलं. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीजवळच्या एका भातसंशोधन केंद्रावर मी नवा सहायक होतो आणि ती रोजंदारीवर. वय पन्नाशीचं. सगळे तिला काकी म्हणत.

आमचं बियाणं मुंबईच्या अणुसंशोधन केंद्रात जायचं आणि किरणांचा मारा खाऊन परत यायचं. गावठी भात उंच वाढून वाऱ्यापावसात आडवं व्हायचं. किरणांमुळे त्याच्या वाणात बदल होईल, एखादं बुटकं, ताठ रोप निघेल, ही आशा. असं वेगळं रोप काकीच्या नजरेतून सुटत नसे. मी वहीत नंबर लिहायचो, ती बारसं करायची. “ही ठेंगणी. हा आळशी, अजून निसवला नाय, लोंबीचा पत्ता नाय.”

एका वर्षी रोपवाटिकेत हिरव्यामध्ये काही पांढरीशुभ्र रोपं उगवली. काकी उकिडवी बसून बघत राहिली.

“सायेब, ही अशी कशानं?”

“किरणांमुळे. आठवड्यात मरतील.”

“आमच्या हाताला लागायचं नाय ना ते? घरात सून पोटुशी हाय.”

‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. किरण बियाण्यात राहत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण बाकीच्या बायका ऐकत होत्या आणि मला विनोद सुचला.

“लागलं तर बरंच की काकी, नातू गोरापान होईल!”

सगळ्या हसल्या. तीही हसली, जरा उशिरा.

भात निसवायच्या सुमारास नातू झाला. दिवस भरण्याआधीच, पांढराफटक. सातव्या दिवशी गेला. काकी कामावर आली नाही, पुढेही कधी आली नाही. बायका म्हणाल्या, “ती म्हणते, माझ्याच हातानं घरात नेलं.”

तुम्ही म्हणाल, तेव्हाच जायचं होतं. तिची वाडी पायी अर्ध्या तासावर. मी दोन वर्षं गेलो नाही.

गेलो तेव्हा पडवीत पाळणा हलत होता. नवी नात. काकी तिला हात लावत नाही, हे बायकांकडून कळलं होतं. काकी लांब उंबऱ्याशी बसून दोरीनं झोका देत होती. मी सगळं सांगितलं. किरणांचं, बियाण्याचं, माझ्या थट्टेचं.

“असंल सायेब. तुमी शिकलेले.”

“मग घ्या ना नातीला जवळ.”

तेवढ्यात पोर रडू लागलं. काकीनं दोरी सोडली, अर्धवट उठली आणि पुन्हा खाली बसली.

“सूनबाय,” तिनं आत हाक मारली, “पोरगी रडते गो. घे तिला.”